फिनिक्स परिसरात वॉटर हीटर बदलणे: १,२५० ते ५,४०० डॉलरची कोटेशनं, नक्की पैसे कशाचे?

सग्वारोछाया (गिल्बर्ट, ॲरिझोना)

नमस्कार मंडळी. आमच्या गॅरेजमधला ५० गॅलनचा गॅस वॉटर हीटर बदलायची वेळ आली आहे. घरासोबतच आलेला, २०१६ चा आहे. बर्नर पेटला की आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, दुसऱ्याची आंघोळ होईपर्यंत पाणी कोमट होतं, आणि तळाच्या कडेला गंजाचा ओघळ दिसायला लागलाय. अजून गळत नाही, म्हणून हातात थोडा वेळ आहे.

चार ठिकाणी विचारलं. एक हॅंडीमन १,२५० डॉलरमध्ये सगळं करून देतो म्हणाला. गावातला एक छोटा प्लंबर २,१५०. रेडिओवर जाहिराती करणारी एक मोठी कंपनी तशाच टाकीचे ३,४०० सांगते, आणि त्याच माणसाने टॅंकलेस (टाकी नसलेला, वाहतं पाणी लगेच तापवणारा) घेतला तर ५,४०० असंही सांगितलं. दुकानात तीच टाकी ८०० च्या आसपास दिसते. मग वरचे पैसे कशाचे? आणि दहा वर्षंसुद्धा न टिकणाऱ्या वस्तूवर किती खर्च करावा?

इथे आधीच्या धाग्यांमध्ये न्यू जर्सी आणि शिकागोचे अनुभव आहेत, पण आपल्या वाळवंटातलं गणित वेगळं असावं असं वाटतं. म्हणून नवा धागा.

कालवाकाठ (चँडलर)

गणित वेगळंच आहे, आणि त्याचं मूळ पाण्यात आहे.

आपल्या नळाला येणारं पाणी मुख्यतः दोन वाटांनी येतं. एक सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं, दुसरं कोलोरॅडो नदीचं. कोलोरॅडोचं पाणी लेक हवासूपासून ३३६ मैलांच्या कालव्यातून, उघड्या वाळवंटातून आपल्यापर्यंत पोचतं. त्याआधी ही नदी शेकडो मैल चुनखडीच्या आणि क्षाराच्या खडकांमधून आलेली असते, आणि वाटेतल्या प्रचंड जलाशयांवर बाष्पीभवन होऊन क्षार आणखी घट्ट होतात. परिणाम असा की फिनिक्स परिसरात पाण्याचा जडपणा साधारण १२ ते १७ ग्रेन भरतो. गॅलनमागे १ ग्रेन म्हणजे लिटरमागे सुमारे १७ मिलिग्रॅम. १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी 'अतिशय जड' धरतात, आपण २०० ते २९० मध्ये आहोत.

आता हीटरमध्ये काय होतं ते बघा. मीठ किंवा साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, पण कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे, पाणी तापलं की ते बाहेर पडतं आणि तळाशी बसतं. गॅसच्या हीटरचा बर्नर नेमका तळाखाली असतो. म्हणजे ज्योत आणि पाणी यांच्यामध्ये क्षाराचा थर. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे थर फोडून वर येतात, तोच तुमचा आवाज. तळाचा पत्रा गरजेपेक्षा जास्त तापतो, आतलं काचेचं अस्तर तडकतं आणि गंज सुरू होतो. टाकीची काही गॅलन जागाही हा गाळ खातो, म्हणून दुसऱ्या आंघोळीला पाणी पुरत नाही.

तुमचा २०१६ चा हीटर इतका टिकला हे चांगलंच म्हणायचं. आमच्या ओळीतल्या बहुतेक घरांमध्ये आठव्या-नवव्या वर्षी बदलावे लागले. गंजाचा ओघळ दिसतोय तर आता गाळ काढण्याच्या भानगडीत पडू नका. जुन्या टाकीचा ड्रेन व्हॉल्व्ह एकदा उघडला की गाळ अडकून नीट बंद होत नाही, आणि मग घाईत मिळेल तो माणूस बोलवावा लागतो. घाईतल्या माणसाला सगळ्यात महाग कोटेशन मिळतं.

मेसाकर

कोटेशनच्या फोडीबद्दल लिहिते. गेल्या वर्षी आमचा बदलला तेव्हा मी प्रत्येकाकडून आकडे वेगवेगळे लिहून मागितले होते. दिले नाहीत त्यांना यादीतून काढलं.

टाकी ७०० ते ९००. एक्स्पान्शन टॅंक (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारी छोटी टाकी), नवे लवचीक पाइप, गॅसचा कनेक्टर, बंद करायचा व्हॉल्व्ह, खालचा पॅन हे मिळून २०० च्या आसपास. जुनी टाकी घेऊन जाण्याचे ५० ते १००. मग मजुरी: दोन माणसं, अर्धा दिवस. शिवाय त्यांचा विमा, परवाना, ट्रक, आणि काही बिघडलं तर परत येण्याची हमी. हे सगळं धरून १,८०० ते २,३०० हा आपल्याकडे रास्त भाव वाटतो. २,१५० त्यात बसतो.

३,४०० मध्ये टाकी जास्त चांगली मिळत नाही. जाहिरात, कॉल सेंटर, रात्री-अपरात्री येण्याची सोय, आणि घरी येऊन कोटेशन देणाऱ्याचं कमिशन यांचे ते पैसे असतात. रात्री दोन वाजता टाकी फुटली असेल तर कदाचित द्यावेही लागतील. तुमची गळत नाहीये. तुम्ही नका देऊ.

अनुभवी_घरमालक (पीओरिया)

हॅंडीमनबद्दल एक गंभीर गोष्ट. ॲरिझोनात परवान्याशिवाय काम करायची सूट आहे, पण ती मजुरी आणि सामान धरून १,००० डॉलरच्या आतल्या किरकोळ कामांना, आणि ज्या कामाला शहराचं परमिट लागतं त्याला ती सूट नाहीच. म्हणजे १,२५० चं कोटेशन देणाराच नियमाबाहेर गेला. हे गॅसचं काम आहे. धुराडं नीट जोडलं नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, त्याला ना रंग ना वास. ९०० डॉलर वाचवायची ही जागा नव्हे.

कंत्राटदारांना परवाने देणाऱ्या राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सच्या वेबसाइटवर नाव किंवा परवाना क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का आणि तक्रारी किती आहेत ते दिसतं. घरगुती प्लंबिंगचा परवाना आर-३७ किंवा सीआर-३७ असतो. परवानाधारकाने काम बिघडवलं तर राज्याच्या भरपाई निधीकडे दाद मागता येते. बिनपरवाना माणसाच्या बाबतीत तो रस्ताच बंद. परमिटचं प्रत्येक शहराचं वेगळं आहे, गिल्बर्टच्या कार्यालयात एक फोन करा.

पालोव्हर्दे (टेंपी)

होम वॉरंटी (घरातली यंत्रं बिघडली तर दुरुस्त करून देण्याचा वार्षिक करार) असेल तर? आमच्याकडे आहे. विचारात पडलेय.

मेसाकर

@पालोव्हर्दे, करारात 'कोड अपग्रेड' (आजच्या बांधकाम नियमांप्रमाणे, म्हणजे कोडप्रमाणे, लागणारे बदल) आणि 'मॉडिफिकेशन' या शब्दांखाली काय लिहिलंय ते आधी वाचा. आमच्या वॉरंटी कंपनीने टाकी मंजूर केली, पण एक्स्पान्शन टॅंक, पॅन, धुराड्यातला बदल, जुनी टाकी उचलणं हे सगळं कराराबाहेर म्हणून ८५० मागितले. वर सर्व्हिस फी वेगळी, वर्षाचा हप्ता वेगळा. माणूस त्यांचा, टाकीचा ब्रँड त्यांच्या मर्जीचा. मी रोख रक्कम मागून घेतली आणि स्वतःच्या प्लंबरकडून काम केलं. असा पर्याय बऱ्याच करारांमध्ये असतो, पण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

वाळूचाकिल्ला (स्कॉट्सडेल)

माझं मत: हायब्रिड, म्हणजे हीट पंपवाला घ्या. फेडरल सरकार २,००० डॉलर परत देतं. विषय संपला.

ओकोटिलो (चँडलर)

@वाळूचाकिल्ला, ते २,००० आता नाहीत. ३० टक्के, कमाल २,००० डॉलर हे कर-क्रेडिट २०२२ च्या कायद्याने आलं होतं, पण जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपवलं. त्या तारखेपर्यंत बसवून चालू झालेल्यांनाच मिळतं. हे न सांगता जुने फ्लायर दाखवणारे विक्रेते अजून फिरतायत, म्हणून ठळकपणे लिहितोय.

आता क्रेडिट बाजूला ठेवून गणित करू. हे मी मनापासून करतो, कारण वर्षाकाठचा खर्च न बघताच लोक हजारो डॉलरचे निर्णय घेतात.

घरात रोज ५० गॅलन गरम पाणी लागतं असं धरा. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, आणि एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला १ बीटीयू. जानेवारीत आपल्या नळाला ६० अंशांच्या आसपास पाणी येतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये ९० च्या घरात. सरासरी ७५ धरू, हीटर १२० वर. रोज ४५ अंश चढवायचे. ५० × ८.३४ × ४५ म्हणजे सुमारे १८,८०० बीटीयू, विजेत ५.५ युनिट.

साध्या गॅस टाकीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वर्षाला ११४ थर्म (गॅसच्या बिलातलं एकक, १ लाख बीटीयू) लागतात. थर्मला दीड डॉलर धरून १७० डॉलर. साध्या विजेच्या टाकीला वर्षाला सुमारे २,२०० युनिट, १४ सेंटने ३०५ डॉलर. हीट पंपाला साडेतीन पट फायदा धरला तर ५७५ युनिट, म्हणजे ८० डॉलर. आपापल्या बिलातले दर घालून बघा, चित्र फारसं बदलणार नाही.

ज्यांच्याकडे आधीच विजेची टाकी आहे त्यांचे वर्षाला सव्वादोनशे वाचतात. हीट पंपाचे जास्तीचे दीड-दोन हजार सात ते नऊ वर्षांत निघतात. आपल्या गॅरेजमध्ये तर तो खुशीत चालतो, कारण तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो आणि आपल्याकडे उष्णतेला तोटा नाही. गॅरेज थोडं थंडही होतं. एपीएस या वीज कंपनीचे महाग तास सोम ते शुक्र ४ ते ७ असतात, तेवढ्यात बंद राहील असं टायमरवर लावून टाका.

सग्वारोछाया, तुमच्याकडे मात्र गॅस आहे. १७० चे ८० झाले, वाचले वर्षाला ९०. गॅरेजमध्ये २४० व्होल्टची नवी लाइन ओढायला लागली तर तो खर्च वेगळा. वीस वर्षांत पैसे वसूल होतील आणि आपल्या पाण्यात टाकी वीस वर्षं टिकत नाही. तुम्ही गॅसचीच टाकी घ्या.

वाळूचाकिल्ला (स्कॉट्सडेल)

क्रेडिट संपल्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद ओकोटिलो. बहिणीला सुचवणार होतो, तिच्याकडे विजेचीच टाकी आहे. म्हणजे तिला तरीही चालेल.

वेगासवासी (हेंडरसन, नेवाडा)

टॅंकलेसवाल्यांसाठी. आमच्याकडे लेक मीडचं पाणी, जडपणा १६ ग्रेनच्या आसपास, तुमच्याच नदीचं. आमचा टॅंकलेस आहे आणि मी त्याच्यावर समाधानी आहे, पण दोन गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली, विक्रेता नेहमी सगळ्यात मोठा, १,९९,००० बीटीयूचा नग गळ्यात मारतो. तो मिनियापोलिससाठी बनलाय. तिथे हिवाळ्यात ४० अंशांचं पाणी १२० वर न्यायचं, ८० अंशांची चढण. आपल्याला ६० ची. त्यामुळे तिथे १,९९,००० चा नग मिनिटाला जितकं गरम पाणी देतो तितकंच आपल्याकडे १,५०,००० चा देतो, साधारण ४ गॅलन. दोन शॉवर एकाच वेळी आरामात चालतात. लहान नग घेतला तर काही घरांमध्ये गॅसचा पाइप बदलायचा खर्चही टळतो. ५,४०० मध्ये किती बीटीयूचा नग आहे आणि पाइप धरलाय का, हे विचारा.

दुसरी, देखभाल. टॅंकलेसमध्ये पाण्याची वाट अगदी बारीक असते, क्षाराने ती आधी आकसते आणि मग मशीन एरर देऊन बंद पडतं. दरवर्षी छोटा पंप लावून पांढरं व्हिनेगर तासभर आत फिरवावं लागतं. त्यासाठी आयसोलेशन व्हॉल्व्ह बसवलेच पाहिजेत, ते कोटेशनमध्ये नसतील तर त्या माणसाला काम देऊ नका. स्वतः केलं तर व्हिनेगरचे पैसे, प्लंबरकडून केलं तर २०० ते ३००. ओकोटिलोंच्या हिशोबाने तुमचा गॅस वर्षाला १७० चा आहे, म्हणजे नुसती साफसफाई गॅसपेक्षा महाग. जागा वाचवायची असेल किंवा घरात पाहुण्यांचा राबता असेल तर घ्या, पैसे वाचवायला घेऊ नका.

दुबईकर

धागा वाचून गंमत वाटली, कारण आमचं वाळवंट निराळं आहे. इथे समुद्राचं पाणी गोडं करून येतं, त्यामुळे जडपणाचा तुमच्याइतका त्रास नाही. त्रास गच्चीवरच्या टाकीचा. जूनपासून 'थंड' नळाला अंग भाजेल असं पाणी येतं. म्हणून आम्ही मे संपला की गीझर बंद करतो. गीझर बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये, एसीच्या गारव्यात असतो, त्यामुळे त्याच्यात साठलेलं पाणी गार होतं. मग उन्हाळाभर गरम नळाला गार पाणी आणि गार नळाला गरम. नव्याने आलेल्यांना हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

५० ते ८० लिटरचा विजेचा गीझर असतो, बसवून हजार दिरहॅमच्या आत काम होतं, आणि भाड्याच्या घरात ते बहुतेक वेळा घरमालकच करतो.

कालवाकाठ (चँडलर)

@दुबईकर, सुंदर युक्ती. आमची टाकी गॅरेजमध्ये असते आणि गॅरेज जुलैत ११० अंशांच्या वर जातं, त्यामुळे ही इथे चालणार नाही. गॅसचा नॉब उन्हाळ्यात थोडा खाली करणं मात्र सोपं आहे. तापमान जितकं जास्त तितका क्षार जास्त बसतो, त्यामुळे १४० वर ठेवलेल्या टाक्या लवकर जातात. १२० पुरे.

टूसॉनची_ताई

सोलर वॉटर हीटरचं कोणी बोललंच नाही! एवढं ऊन फुकट पडतंय. राज्याचं २५ टक्के, कमाल १,००० डॉलरचं क्रेडिट अजून आहे. आणि एचओए (घरमालकांची सोसायटी) सोलरला सरसकट मनाई करू शकत नाही, तसा राज्याचा कायदा आहे.

ओकोटिलो (चँडलर)

ताई, मलाही सोलर आवडतं, आणि पुण्यात आई-बाबांच्या गच्चीवरचा सोलर बंब वर्षानुवर्षं उत्तम चाललाय. पण इथे मजुरी धरून काही हजार डॉलर जातात, आणि वर्षाला वाचणार जास्तीत जास्त १७० चा गॅस. शिवाय आपलं पाणी थेट पॅनेलच्या नळ्यांतून फिरवलं तर तिथेही क्षार बसतो. छतावर आधीच वीज बनवणारी पॅनेलं असतील तर हीट पंप आणि दुपारचा टायमर, हेच आजचं सोलर हीटर.

पालोव्हर्दे (टेंपी)

सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) बसवला तर टाकी जास्त टिकते ना?

कालवाकाठ (चँडलर)

क्षार बसत नाही, हे खरं. पण एक बाजू सांगितली जात नाही. टाकीत मॅग्नेशियमचा किंवा ॲल्युमिनियमचा एक दांडा असतो, ॲनोड रॉड. तो स्वतः झिजतो आणि टाकीचं पोलाद वाचवतो. सॉफ्ट केलेल्या पाण्यात तो जास्त वेगाने झिजतो. म्हणून सॉफ्टनर आहे त्यांनी तीन वर्षांनी दांडा काढून बघायलाच हवा. नवा ३० ते ६० डॉलरला मिळतो. एक इंचाहून जरा मोठा, १ १/१६ इंचाचा सॉकेट लागतो. कारखान्यात फार घट्ट बसवलेला असतो, म्हणून नवी टाकी बसवतानाच प्लंबरला तो एकदा सैल करून पुन्हा टेफ्लॉन लावून बसवायला सांगा. तेव्हा दोन मिनिटांचं काम असतं, सहा वर्षांनी दोन माणसं लागतात.

सॉफ्टनरचं मीठ सांडपाण्यात जातं, हेही लक्षात असू द्या. फिनिक्सचं शुद्ध केलेलं सांडपाणी पालो व्हर्दे अणुवीज केंद्राला थंड ठेवायला वापरतात, वाळवंटात कुठलंच पाणी वाया जात नाही. सॉफ्टनर घ्यायचा तर पाण्याच्या वापरावर चालणारा घ्या, नुसत्या घड्याळावर चालणारा नको.

अनुभवी_घरमालक (पीओरिया)

पालोव्हर्दे, तुम्ही टेंपीत कॉन्डोत राहता ना? हीटर वरच्या मजल्यावर कपाटात असेल तर पॅन आणि त्याचा ड्रेन आधी तपासा आणि वीस डॉलरचा गळतीचा सेन्सर ठेवा. गॅरेजमध्ये फुटली तर जमीन ओली होते. तुमच्याकडे फुटली तर खालच्या घराचं छत जाईल.

सग्वारोछाया (गिल्बर्ट)

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, आकडे देते म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

२,१५० वाल्या प्लंबरलाच दिलं. परवाना तपासला, चालू होता, तक्रार नव्हती. गॅसचीच ५० गॅलनची टाकी. त्याने काम सुरू करण्याआधी बाहेरच्या नळाला गेज लावून दाब मोजला, तो ९५ पीएसआय निघाला. कोडप्रमाणे ८० च्या वर चालत नाही. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह निकामी झाला होता. तो बदलायचे ४२५ आणखी गेले, म्हणजे एकूण २,५७५. मोठ्या कंपनीच्या माणसाने दाब मोजलाच नव्हता. इतक्या दाबाखाली नवी टाकीसुद्धा लवकर गेली असती, आणि बाकीचे नळ आणि टॉयलेटचे व्हॉल्व्हही का सारखे बिघडत होते ते आता कळलं. तुम्ही कोटेशन मागवाल तेव्हा त्या माणसाने दाब मोजला का हे जरूर पाहा. गेज दुकानात १५ डॉलरला मिळतो.

ॲनोड सैल करून परत बसवायला सांगितलं, त्याने आनंदाने केलं. जुनी टाकी दोघांना उचलवेना इतका गाळ होता.

एक शेवटचा प्रश्न: त्याने एक्स्पान्शन टॅंकची हवा वर्षातून एकदा तपासा म्हटलं. ती कशी?

कालवाकाठ (चँडलर)

घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि एक गरम नळ उघडून दाब जाऊ द्या. मग एक्स्पान्शन टॅंकच्या टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढा, खाली गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. टायरच्या गेजने मोजा. घराच्या पाण्याचा दाब आता ६० असेल तर हवाही ६० हवी. कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, एक्स्पान्शन टॅंक बदलून घ्या, ४०-५० डॉलरचा येतो.